चौकातली पाळी

चौक ही मोठी चमत्कारिक जागा आहे. सरळ रस्त्यावर तुमची गाडी तुमच्या बाजूने जाते, माझी माझ्या बाजूने येते, आणि दोघांत भांडण होण्याचे फारसे कारण नसते. पण दोन रस्ते एकमेकांना छेदून गेले की त्यांच्यामध्ये जमिनीचा एक तुकडा असा उत्पन्न होतो, की ज्यावर चारी बाजूंच्या लोकांचा सारखाच हक्क असतो आणि तरीही तो एका क्षणी एकालाच वापरता येतो. चार फाट्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा एकमेकांपासून फुटतात, अशी वाहतूकशास्त्राची मोजणी आहे. या ३२ ठिकाणी दिवसभर एकच प्रश्न उभा असतो : आता पाळी कोणाची?

चालकावाचून चालणाऱ्या मोटारींविषयी आपल्याकडे जेव्हा बोलणे निघते, तेव्हा पहिली शंका अशी घेतली जाते की, यंत्राला गाडी चालवता येईल काय? या शंकेचे उत्तर बऱ्याच अंशी मिळून गेले आहे. अमेरिकेत फिनिक्स शहराच्या परिसरात २०२० च्या ऑक्टोबरपासून वेमो कंपनीच्या मोटारी चालकाच्या जागी कोणीही नसताना सामान्य उतारूंना घेऊन फिरू लागल्या. पुढे सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस या शहरांतही त्या आल्या. मला महत्त्वाचा वाटतो तो याच्या पुढचा प्रश्न. अशा गाड्या चौकात आल्या म्हणजे त्यांना पाळी कोण देणार, कोणत्या नियमाने देणार, आणि तो नियम कोणाला विचारून केलेला असणार? मी इंजिनियर नव्हे. कामगार संघटनेच्या कामात आयुष्य गेले, आणि जे थोडेफार वाचले ते त्या कामातून उरलेल्या वेळात. पण 'पाळी' या शब्दाशी माझा जुना परिचय आहे. पाळी लावायची कोणी आणि कोणत्या हिशेबाने, यावरून कारखान्यात किती तंटे होतात हे मी पाहत आलो आहे. म्हणून हा विषय घेण्याचे धाडस केले.

प्रथम चौकातल्या दिव्याची थोडी हकीकत सांगतो. या दिव्याचा जन्म रेल्वेच्या घरात झाला. १८६८ च्या डिसेंबरात लंडन येथे, पार्लमेंटच्या इमारतीजवळ, जे. पी. नाइट या रेल्वे इंजिनियराच्या कल्पनेवरून पहिला सिग्नल उभारण्यात आला. दिवसा त्याचे रेल्वेसारखे हात वरखाली होत आणि रात्री तांबडे व हिरवे गॅसचे दिवे लागत. ते फिरविण्यासाठी एक पोलीस शिपाई खांबापाशी उभा असे. १८६९ च्या जानेवारीत गॅसचा स्फोट होऊन तो शिपाई जबर भाजला आणि तो प्रयोग थांबला. विजेचा सिग्नल १९१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात लागला. तोही चौकीत बसलेला पोलीसच चालवीत असे. चारी दिशांना तीन रंग दाखविणारा सिग्नल १९२० साली डेट्रॉइट येथे विल्यम पॉट्स यांनी बसविला, आणि हे गृहस्थ स्वतः पोलीस खात्यातलेच होते.

या हकीकतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दिवा फक्त बोलत होता, ठरवीत होता तो माणूस. तो लोकांना दिसत होता, त्याच्याशी हुज्जत घालता येत होती आणि त्याच्याविरुद्ध तक्रारही करता येत होती. पुढे त्याच्या जागी घड्याळ बसले, मग संगणक आला. माणूस दृष्टीआड झाला, परंतु पाळीचा नियम कोणीतरी ठरविलेलाच राहिला. फक्त तो कोणी ठरविला हे विचारण्याची आपली सवय मोडली.

आता दिव्याच्या पद्धतीत खोट कोठे आहे ते पाहू. हिरवा दिवा लागल्यावर रांगेतला पहिला चालक तो पाहतो, गाडी सुरू करतो, यात दोनएक सेकंद जातात. त्यानंतर एका पट्ट्यातून साधारण दर दोन सेकंदांना एक मोटार सुटते. म्हणजे दिवा तासभर हिरवाच राहिला तर १,८०० मोटारी जातील. पण तो चार बाजूंना वाटून द्यावा लागतो आणि प्रत्येक वाटणीच्या वेळी चौक रिकामा होईपर्यंत सर्वांनाच थांबवावे लागते. एका बदलात चार सेकंद वाया गेले असे धरा. चार बदलांचे सोळा सेकंद झाले. दोन मिनिटांच्या एका फेऱ्यात हा आठवा हिस्सा तरी कोणाच्याच उपयोगी पडत नाही. शिवाय रात्री अकरा वाजता समोर चिटपाखरू नसताना तांबड्या दिव्यापुढे उभे राहण्याचा अनुभव आपणां सर्वांना आहे.

हा तोटा भरून काढण्याची एक युक्ती २००४ साली अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या कर्ट ड्रेसनर व पीटर स्टोन या दोघा संशोधकांनी मांडली. ती समजण्यासाठी आपल्या जुन्या एकेरी रेल्वेमार्गाची आठवण करावी. त्या मार्गावर ड्रायव्हरच्या हाती टोकनाचा गोळा आल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनाकडे सुटत नसे. गोळा एका वेळी एकालाच मिळायचा, म्हणून समोरासमोर टक्कर होण्याची भीती नव्हती. ड्रेसनर आणि स्टोन यांनी चौकात हाच न्याय लावला, मात्र गोळा पूर्ण चौकाचा न देता चौकाच्या लहान लहान तुकड्यांचा दिला.

त्याची रीत अशी. चौकात एक संगणक असतो, त्याला आपण चौकाचा कारभारी म्हणू. चौकाची जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी घरे पाडून त्याच्या हिशेबात मांडलेली असते. स्वयंचलित मोटार चौकापासून दूर असतानाच बिनतारी संदेशाने विनंती पाठविते : मी अमुक क्षणी, अमुक वेगाने, अमुक पट्ट्यातून येत आहे, माझी लांबी-रुंदी इतकी, मला उजवीकडे वळायचे आहे. कारभारी ती मोटार आपल्या पटावर मनातल्या मनात चालवून पाहतो. कोणत्या घरावर ती कोणत्या क्षणी असेल आणि ते घर त्या क्षणी आधीच कोणाला दिलेले आहे काय, हे तपासतो. घर मोकळे असेल तर पाळी मंजूर. नसेल तर नकार. मग मोटार वेग थोडा कमी करून पुन्हा विचारते. मंजुरीवाचून चौकात पाऊल टाकायचे नाही, हा मुख्य दंडक.

एक उदाहरण घेऊ. ताशी ३६ किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात १० मीटर जाते. चौक २० मीटर रुंद आणि मोटार चार मीटर लांब असेल, तर तिचे शेपूट चौकाबाहेर पडायला २.४ सेकंद लागतात. पण वाटेतले एखादे घर तिने व्यापलेले असते ते सेकंदाच्या लहानशा भागापुरतेच. तेवढा काळ संपला आणि सुरक्षिततेसाठी किंचित अंतर सोडले की तेच घर पूर्वेकडून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीला देता येते. अशा रीतीने दोन्ही रस्त्यांच्या गाड्या एकमेकींच्या मधून, जणू दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशा, न थांबता जाऊ शकतात. २०१६ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी काही अन्य संशोधकांबरोबर असे गणित प्रसिद्ध केले की, या प्रकारच्या व्यवस्थेने त्याच चौकातून दिव्याच्या तुलनेत दुपटीपर्यंत वाहने जाऊ शकतील. मनुष्याच्या बुद्धीचे कौतुक वाटावे असाच हा विचार आहे, आणि तो नुसता यंत्र आहे म्हणून नाकारणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या चौकात कमी थांबावे लागेल तेथे धूर कमी होईल, इंधन वाचेल, आणि चालकाचा व उतारूचाही वेळ वाचेल.

पण गणितात जे धरलेले नसते ते रस्त्यावर मात्र असते. पहिली अडचण अशी की, कारभाऱ्याशी बोलता येणारी गाडी पाहिजे. माणूस चालवीत असलेल्या गाडीला दशांश सेकंदाचा करार पाळता येत नाही. म्हणून ड्रेसनर व स्टोन यांनाही माणसांच्या गाड्यांसाठी दिवे ठेवावेच लागले. मिश्र वाहतुकीत या युक्तीचा लाभ झपाट्याने घटतो; रस्त्यावरची जवळजवळ सर्व वाहने स्वयंचलित झाली तरच तो पुरता पदरात पडतो.

दुसरी अडचण नियमाची आहे. मूळ युक्तीत 'जो आधी मागेल त्याला आधी' असा नियम होता. ऐकायला तो न्यायाचा वाटतो. परंतु २०१६ सालीच काही अभ्यासकांनी दाखवून दिले की, काही परिस्थितींत या नियमाने चौकाची अवस्था साध्या दिव्यापेक्षाही वाईट होऊ शकते. शिवाय मागणारा कोण आहे हे हा नियम पाहत नाही. एका मोटारीत एक मनुष्य आहे आणि तिच्या मागच्या बसमध्ये पन्नास माणसे आहेत, तरी नियमाच्या लेखी दोन्ही एकेक विनंत्याच.

तिसरी गोष्ट ऐकून मी स्वतः काही काळ स्तब्ध झालो. २०१३ साली त्याच टेक्सास विद्यापीठातील तिघा संशोधकांनी, त्यांत स्टोन हेही होते, अशी सूचना तपासून पाहिली की, चौकातल्या पाळीचा लिलाव करावा. प्रत्येक मोटारीतील यंत्र आपल्या मालकाच्या वतीने बोली लावील आणि ज्याची बोली अधिक तो आधी जाईल. ज्यांच्याजवळ पैसा कमी आहे त्यांची फार आबाळ होऊ नये म्हणून व्यवस्थेनेच त्यांच्यासाठी थोडी दयाळू तजवीज ठेवावी, असेही त्यांनी सुचविले. संशोधकांनी प्रश्न प्रामाणिकपणे मांडला, त्यांना मी दोष देत नाही. पण आपण मात्र त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या रस्त्यावर आज मंत्र्याचा मुलगा आणि भाजीवाला एकाच तांबड्या दिव्यापुढे उभे राहतात. आपल्या समाजात अशी समता फार ठिकाणी उरलेली नाही. ती मोडायला कायदा बदलावा लागणार नाही. संगणकातला एक नियम बदलला तरी पुरे, आणि तो बदल कोणाच्या डोळ्यांना दिसणारही नाही.

आणि ज्याच्याजवळ यंत्रच नाही त्याचे काय? पायी चालणारा माणूस विनंती कशाने पाठविणार? येथे माझ्या कामातला एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या भागात एका कारखान्यापुढच्या चौकात नवे, वाहनांची गर्दी पाहून आपोआप वेळ बदलणारे दिवे बसले. गाड्या पूर्वीपेक्षा लवकर सुटू लागल्या हे खरे. परंतु संध्याकाळची पाळी सुटल्यावर पायी जाणाऱ्या बाया रस्त्याच्या मध्यावर अडकू लागल्या. एके दिवशी झाडलोटीचे काम करणाऱ्या एका वयस्क बाईंना तेथे मोटारसायकलची धडक बसली. पाय मोडला आणि चार महिन्यांची रोजी बुडाली. आम्ही संबंधित कचेरीत गेलो. दिव्याची वेळ कोणी ठरविली, असे विचारले. कचेरीने ठेकेदाराकडे बोट दाखविले. ठेकेदार म्हणाला, वेळ यंत्र ठरविते.

तेव्हा आम्ही तीन आठवडे रोज संध्याकाळी घड्याळ आणि वही घेऊन त्या चौकात उभे राहिलो. रस्ता १८ मीटर रुंद होता आणि पायी जाणाऱ्यांना १२ सेकंद मिळत होते. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरले तरी १५ सेकंद लागतात. म्हाताऱ्या माणसाला २० लागतात. यंत्राचा यात काही दुष्टपणा नव्हता. रस्त्यात पुरलेल्या त्याच्या तारांना वरून जाणारे लोखंड कळत होते, पायांतल्या चपला कळत नव्हत्या. जे त्याला मोजायला सांगितले नव्हते ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. त्या वहीच्या आधारावर पाच महिन्यांनी १२ चे २२ सेकंद झाले. दहा सेकंदांसाठी पाच महिने! आणि तेथे तर साधा दिवा होता, खांब होता, घड्याळ लावून मोजता येत होते. उद्याच्या चौकात, जेथे दिवाच नसेल आणि दशांश सेकंदांचे व्यवहार बिनतारी होत असतील, तेथे वही घेऊन कोण उभा राहणार आणि काय मोजणार?

आता यंत्र अडले म्हणजे काय होते ते पाहू. सॅन फ्रान्सिस्कोतील वेमोच्या मोटारी मघाशी सांगितलेले आरक्षण करीत नाहीत. आपल्यासारखेच रस्त्यावरचे दिवे पाहून त्या चालतात. २० डिसेंबर २०२५ रोजी त्या शहरात वीजकेंद्राला आग लागून सुमारे १ लाख ३० हजार ग्राहकांची वीज गेली आणि कित्येक चौकांतले दिवे विझले. दिवा विझला तर प्रत्येकाने थांबावे आणि आधी आलेल्याने आधी जावे, असा तेथील नियम आहे. माणसे असा चौक नजरेने आणि हाताच्या खुणेने पार करतात. वेमोच्या मोटारींनाही हा नियम शिकविलेला होता, आणि त्या दिवशी विझलेले सात हजारांहून अधिक दिवे त्यांनी नीट पार केले, असे कंपनीने सांगितले. परंतु काही वेळा खात्री करून घेण्यासाठी मोटार दूरच्या कचेरीत बसलेल्या माणसाला विचारते. त्या संध्याकाळी एकदम इतक्या मोटारींनी विचारणा केली की उत्तरे वेळेवर जाईनात. मोटारी जागच्या जागी उभ्या राहिल्या, रस्ते तुंबले आणि कंपनीला काही काळ सेवा बंद ठेवावी लागली.

यातून दोन बोध निघतात. एक असा की, ज्याला आपण चालकरहित म्हणतो त्याच्यामागेही माणूस असतोच, फक्त तो लांब बसविलेला असतो. वेमोच्या अशा साहाय्यकांपैकी काही जण फिलिपाईन्समध्ये बसून काम करतात, हे २०२६ साली अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे उघड झाले. दुसरा बोध असा की, सारे सुरळीत चालले असताना जितकी माणसे पुरतात तितकीच ठेवली, तर बिघाडाच्या दिवशी ती पुरत नाहीत. कारखान्यातील प्रत्येक फिटरला ही गोष्ट ठाऊक आहे, आणि खर्चाचा तक्ता करणारा मात्र ती दरवर्षी विसरतो.

उरला जबाबदारीचा प्रश्न. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोना राज्यातील टेम्पी गावी उबर कंपनीच्या चाचणीवरील स्वयंचलित मोटारीने एका स्त्रीचा बळी घेतला. ती रात्री चौकापासून दूर, सायकल हातात धरून रस्ता ओलांडीत होती. ओलांडण्याच्या ठरलेल्या जागेखेरीज अन्यत्र कोणी रस्ता ओलांडील, हे त्या यंत्रणेच्या रचनेत धरलेच नव्हते, असे अमेरिकन सरकारच्या चौकशीत आढळले. देखरेखीसाठी गाडीत बसविलेल्या कामगाराचे लक्ष फोनवर होते, हेही चौकशीत निघाले आणि तो दोष मोठा होता. त्याचे समर्थन मी करणार नाही. पण पुढे काय झाले पाहा. कंपनीवर फौजदारी खटला भरण्यास आधार नाही असे सरकारी वकिलांनी २०१९ साली ठरविले. कामगारावर खटला चालला, आणि २०२३ साली गुन्हा कबूल केल्यावर तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. रचना करणारे, चाचणी मंजूर करणारे आणि गाडीत बसलेला, अशा साखळीत कायद्याच्या हाती शेवटची कडीच लागली.

आपल्याकडे या गाड्या यायच्या आहेत, मग आताच हा ऊहापोह कशाला, असे कोणी म्हणेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे स्पष्ट सांगितले की, चालकांचे रोजगार जातील म्हणून अशा मोटारी आपण भारतात येऊ देणार नाही. चालकांच्या पोटाची काळजी कोणी वाहिली तर मला आनंदच आहे. तथापि मंत्र्याच्या शब्दावर विसंबून राहणे ही संघटनेची रीत नव्हे. शिवाय गाडी येण्याआधी चौकाचा कारभारी येत असतो. कॅमेऱ्याने गर्दी पाहून दिव्याची वेळ ठरविणारे संगणक आपल्या शहरांत बसू लागले आहेत. पाळी लावण्याचे काम हवालदाराच्या हातून सुटून त्यांच्याकडे जात आहे, आणि जो नियम आज त्यांच्यात भरला जाईल तोच उद्याच्या चालकरहित गाड्यांना आयता मिळेल.

म्हणून नागरिकांनी आजच चार गोष्टी मागाव्यात असे मला वाटते. पाळीचा नियम साध्या मराठीत लिहून नगरपालिकेने प्रसिद्ध करावा. तो कोणत्याही कंपनीचे गुपित असू नये. पाळीचा हिशेब गाड्यांचा न करता माणसांचा करावा, आणि पायी चालणाऱ्याचे सेकंद सर्वांत आधी बाजूला काढून मग उरलेले वाटावेत. पाळी विकली जाऊ नये. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी सोडून कोणालाही पुढे जाण्याचा हक्क नसावा. आणि चौकामागे एक अधिकारी माणूस नेमलेला असावा, ज्याचे नाव सर्वांना ठाऊक असेल, ज्याला यंत्र थांबविण्याचा अधिकार असेल, आणि अपघात झाल्यास यंत्राची नोंद ज्याच्याकडून मागता येईल.

यासाठी मोठे शास्त्र शिकण्याची जरुरी नाही. आपल्या घराजवळच्या चौकात एका संध्याकाळी घड्याळ घेऊन उभे राहा. पायी जाणाऱ्याला किती सेकंद मिळतात ते मोजा, रस्त्याची रुंदी पावलांनी मोजा, आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. मग कचेरीत जाऊन एवढेच विचारा, ही पाळी कोणी लावली? यंत्राने, असे उत्तर आले तर तेथून उठू नका.